लिहायला शिकायला विद्यापीठ कशाला?

शाहूपुरीतून आम्ही बचतगटांच्या समन्वयक बोलतोय.

आज शेळीपालन नाही, मसाले-पापड नाहीत, कर्जाचे हप्तेही नाहीत. बारावीचे आणि पदवीचे निकाल लागले की गटाच्या बैठकीत मुलींच्या पुढच्या शिक्षणाचा विषय निघतोच. नर्सिंग म्हटलं की सगळ्यांच्या माना डोलतात. डी.एड., बी.एड. सगळ्यांना कळतं. पण एखादीची लेक म्हणाली, मला विद्यापीठात पत्रकारिता शिकायचीय, जनसंवाद शिकायचाय, की बैठक गप्प होते. मग एखाद्या आक्का विचारतातच, "लिवाय शिकाय इद्यापीठ कशाला? लिवाय-वाचाय तर पाचवीतच येतंय की!"

आक्कांचा प्रश्न हसण्यावारी न्यायचा नाही. दोन वर्षं, एवढी फी, वर कोल्हापूरला राहायचा खर्च. त्यातून नेमकं काय शिकून येणार, हे विचारायचा हक्क आईला आहे आणि कर्ज देणाऱ्या गटालाही आहे.

आधी आपण किती लिहितो ते बघू. दर बैठकीचं इतिवृत्त, ठराव, बँकेत खातं उघडायचा अर्ज, कर्जाचा प्रस्ताव, ग्रामसभेला द्यायचं निवेदन, वीज कंपनीला तक्रार, चटणीच्या पाकिटावरचा मजकूर, मेळाव्यातल्या स्टॉलचा फलक. आता व्हॉट्सअॅपवरची ऑर्डरसुद्धा. एवढ्यातलं आपण स्वतः किती लिहितो? बहुतेक गटांत वही सीआरपी ताईंच्या हातात असते. तहसील कचेरीबाहेर टेबल मांडून बसलेल्या माणसाकडून अर्ज पैसे देऊन लिहून घेतला जातो. आणि आपण सही करतो. काय लिहिलंय ते वाचून सही करणारी दहात एखादीच असते, हे तुम्हालाही ठाऊक आहे.

आम्ही जिथून बोलतोय त्या शाहूपुरीचंच उदाहरण घ्या. शाहू महाराजांनी १८९५ साली ही व्यापारपेठ वसवली ती गुळासाठी. गावोगावच्या गुऱ्हाळांतून गाड्या भरून गूळ इथं यायचा. माल शेतकऱ्याचा, घाम शेतकऱ्याचा. पण पट्टी लिहायचा अडत्याचा माणूस. वजन किती, तूट किती, हमाली किती, हातात किती, ते सगळं त्या पट्टीवर. ज्याला ती वाचता येत नव्हती, त्यानं मिळालं ते कनवटीला लावून गावची वाट धरायची. याच महाराजांनी १९१७ साली आपल्या संस्थानात प्राथमिक शिक्षण सक्तीचं आणि मोफत केलं. पट्टी वाचता येण्याची सोय त्यामुळं झाली. पट्टी लिहिता येणं ही त्याच्या पुढची पायरी आहे.

आता अर्जाचीच गोष्ट करू. समजा, वस्तीवरचा हातपंप बंद पडलाय. आपला नेहमीचा अर्ज कसा असतो? "माननीय महोदयांच्या सेवेशी सविनय सादर. आम्ही आपल्या तालुक्यातील गरीब, कष्टकरी व होतकरू महिला असून गेली अनेक वर्षे बचतगटाच्या माध्यमातून समाजकार्य करीत आहोत. आपण नेहमीच महिलांच्या प्रश्नांबाबत तळमळीने..." असं पानभर जातं. पंप येतो दुसऱ्या पानावर. कुठला पंप, कधी बंद पडला, हे कुठंच नसतं. शेवटी "सहानुभूतीपूर्वक विचार व्हावा". साहेब विचार कशाचा करणार? एका कार्यालयात असा अर्ज आमच्यासमोर बाजूच्या गठ्ठ्यात गेलेला आम्ही पाहिलाय. ते काही बरोबर केलं नाही त्यांनी, पण वाचणाऱ्याच्या हाताला धरायला त्या कागदात काही नव्हतं, हेही खरं.

तोच अर्ज असा लिहून बघा: "आमच्या वस्तीवरील शाळेजवळचा हातपंप ३ एप्रिलपासून बंद आहे. वस्तीवरील ४२ घरांना एक किलोमीटरवरून पाणी आणावे लागते. ५ एप्रिल व २० एप्रिल रोजी ग्रामपंचायतीत लेखी तक्रार दिली आहे, पोच सोबत जोडली आहे. पंप आठ दिवसांत दुरुस्त करून द्यावा व केलेली कार्यवाही लेखी कळवावी." चार वाक्यं झाली. काय, कुठं, कधीपासून, कुणाला त्रास, आधी काय केलं, आता काय हवं, सगळं आलं.

मैत्रिणींनो, पत्रकारितेच्या वर्गात पहिल्या आठवड्यात हेच शिकवतात. त्याला 'सहा ककार' म्हणतात. कोण, काय, कधी, कुठे, का आणि कसे. त्याच्यासोबत दुसरी गोष्ट शिकवतात, ती म्हणजे 'उलटा मनोरा'. सगळ्यात महत्त्वाचं पहिल्या वाक्यात, मग त्याहून कमी महत्त्वाचं, आणि शेपटाला असं काहीतरी की जे कापलं तरी चालेल. कीर्तनात बुवा आधी नमन करतात, मग हळूहळू विषयात येतात. कीर्तन ऐकायला माणूस सवडीनं बसलेला असतो. अर्ज वाचणारा सवडीत नसतो.

माहितीच्या अधिकाराचा कायदा २००५ चा. त्याचा महाराष्ट्रातला नियम असा की अर्ज एकाच विषयावर हवा आणि साधारण दीडशे शब्दांत बसला पाहिजे. दहा रुपये फी, दारिद्र्यरेषेखालच्या कुटुंबाला तीही नाही. तीस दिवसांत उत्तर यायला हवं. दीडशे शब्दांत नेमकं मागायचं म्हणजे मनातले हजार शब्द गाळायचे. ज्यांनी लिहायचा सराव केलाय, त्यांना ते जमतं. बाकीचे चार विषय एका अर्जात घालतात आणि अर्ज परत येतो. याच कायद्यात आणखी एक तरतूद आहे, ती फार कुणी सांगत नाही. ज्या माणसाला लिहिता येत नाही, त्याचं तोंडी म्हणणं कागदावर उतरवायला जनमाहिती अधिकाऱ्यानं मदत करायची आहे. कायद्यानं तसं सांगितलंय, तेव्हा निर्धास्तपणे मागा.

तर विद्यापीठात शिकायचं काय? अक्षरं तर येतातच. कुणासाठी लिहितोय, त्याप्रमाणं लिहिणं कसं बदलतं, ते तिथं शिकायचं. एकच बातमी वर्तमानपत्राला वेगळी, रेडिओला वेगळी. आता आम्ही बोलतोय, तुम्ही एका हातानं भाकरी थापताय आणि कान इकडं आहे. वर्तमानपत्रासारखं मागं जाऊन पुन्हा वाचता येत नाही. म्हणून रेडिओचं वाक्य लहान, आकडे थोडे, आणि महत्त्वाचं दोनदा सांगायचं. पाकिटावरचं लिहिणं आणखी वेगळं. कांदा-लसूण चटणीच्या पाकिटावर आपण "घरची चव, आईची माया" मोठ्या अक्षरात छापतो. छापा, काही हरकत नाही. पण घटक काय, निव्वळ वजन किती, कधी तयार केली, कधीपर्यंत वापरायची, अन्न परवान्याचा क्रमांक, शाकाहाराची हिरवी खूण, किंमत आणि पत्ता, हे नसेल तर दुकानदार पाकीट ठेवून घेत नाही. आईची माया तिथं कामाला येत नाही.

याशिवाय मुलाखत कशी घ्यायची, ऐकलेली गोष्ट खरी की खोटी कशी तपासायची, दुसऱ्याची बदनामी कशानं होते आणि कायदा काय म्हणतो, भाषांतर, जाहिरात, जनसंपर्क, कॅमेरा, आवाजाचं संकलन, हेही असतं. आमच्या मते यातलं सगळ्यात मोलाचं म्हणजे तपासणं. गावात एखादी अफवा उठली की मोबाईलवरून तासाभरात सगळीकडं जाते. "हे कुणी पाहिलं? कधी? तुला कुणी सांगितलं?" असं विचारायची सवय लागलेली एक मुलगी घरात असली, तरी गल्ली शहाणी होते.

कुठं शिकता येतं ते सांगतो. आपलं शिवाजी विद्यापीठ १९६२ साली सुरू झालं. तिथं पत्रकारिता आणि जनसंवाद पदव्युत्तर पातळीवर शिकता येतं. कुठल्याही शाखेची पदवी चालते का, जागा किती, प्रवेश परीक्षा आहे का, हे त्या वर्षीच्या माहितीपत्रकात बघायचं. पुण्याला रानडे इन्स्टिट्यूट आहे. पुणे विद्यापीठाचा हा विभाग १९६४ पासूनचा, मराठी वर्तमानपत्रांतली कितीतरी माणसं तिथून शिकून आली. महर्षी कर्व्यांनी १९१६ साली सुरू केलेलं महिलांचं एसएनडीटी विद्यापीठ, त्याच्या पुण्याच्या आवारातही मुलींसाठी हा विषय आहे. आणि ज्यांना घर सोडता येत नाही त्यांच्यासाठी नाशिकचं यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठ, स्थापना १९८९ ची. त्याचं विभागीय केंद्र कोल्हापुरात आहे. तिथंही पत्रकारितेचा अभ्यास आहे, आणि लग्नामुळं शिक्षण सुटलेल्या कितीतरी बायका त्या विद्यापीठातून पदवीधर झाल्यात. वय विचारून कुणी परत पाठवत नाही.

आता पोटापाण्याचं. गोड बोलून उपयोग नाही. तालुक्याच्या बातमीदाराला सुरुवातीला फार थोडे पैसे मिळतात, आणि वेळेचं काही खरं नसतं. पण हे शिकलेलं माणूस फक्त वर्तमानपत्रातच जातं असं नाही. आकाशवाणी आहे, जिल्हा माहिती कार्यालय आहे. दूध संघ, साखर कारखाने, दवाखाने, संस्था, यांना माहितीपत्रकं, अहवाल लिहिणारी माणसं लागतात. भाषांतराची कामं घरी बसून होतात. पहिल्या महिन्यापासून नर्सिंगसारखा ठरलेला पगार हवा असेल, तर मुलीला स्पष्ट सांगा की हा रस्ता तसा नाही. तिला तरीही हाच हवा असेल, तर तिच्यात काहीतरी आहे.

"पण म्हसवडच्या बायका तर शिकल्या नसताना रेडिओवर बोलतात!" असं एका बैठकीत एका ताईंनी सुनावलं. खरंय त्यांचं. सातारा जिल्ह्यात माण तालुक्यात माणदेशी तरंग हे रेडिओ केंद्र २००८ पासून आहे. सरकारनं सामुदायिक रेडिओची परवानगी आधी शिक्षणसंस्थांना आणि २००६ पासून सामाजिक संस्थांनाही दिली, त्यातून अशी केंद्रं उभी राहिली. शाळा न पाहिलेल्या बाईच्या तोंडची ओवी, तिचं दुष्काळाचं सांगणं, हे कुठल्या विद्यापीठात शिकता येणार नाही. पण तिचा अर्ध्या तासाचा कार्यक्रम रोज ठरल्या वेळेला लागावा, यासाठी मागं कुणीतरी प्रश्न काढतं, आवाज कापतं-जोडतं, सांगितलेली माहिती तपासतं, परवान्याचे कागद सांभाळतं. ती मागची खुर्ची आपल्याच एखाद्या मुलीला का मिळू नये?

आणि दुसरं, "मोबाईलला सांगितलं की तोच अर्ज लिहून देतो." देतो, आम्हीही करून बघितलंय. भाषा छान असते. पण शाळेजवळचा पंप की देवळाजवळचा, पोच कुठल्या तारखेची, हे मोबाईलला माहीत नसतं. तुम्ही सांगितलं नाही तर तो पुन्हा "होतकरू महिला" लिहून ठेवतो.

लिहिण्यानं काय होतं याचं कोल्हापुरातलंच ताजं उदाहरण आहे. २०२५ च्या जूनमध्ये इटलीत प्राडा नावाच्या मोठ्या कंपनीनं फॅशन शोमध्ये आपल्या कोल्हापुरीसारख्या चपला दाखवल्या, आणि कोल्हापूरचं नाव कुठंच नाही. इकडं संताप झाला, व्हिडिओ फिरले. त्याबरोबर महाराष्ट्र चेंबर ऑफ कॉमर्सनं कंपनीला रीतसर पत्र लिहिलं. कोल्हापुरी चपलेला २०१९ साली भौगोलिक मानांकन मिळालेलं होतं, म्हणजे हातात पुरावा होता. कंपनीनं उत्तर पाठवून मान्य केलं की या चपला भारतातल्या परंपरागत हस्तकलेवरून घेतल्यात. चपला शिवणाऱ्या घरांना त्यातून किती मिळेल ते पुढचं पुढं. पण उत्तर पत्राला आलं.

आणि बाईनं लिहिण्याची गोष्ट आपल्याकडं काही नवी नाही. पुण्यात फुले दाम्पत्याच्या शाळेत शिकणाऱ्या मुक्ता साळवे या चौदा वर्षांच्या मुलीनं मांग-महारांच्या दुःखाविषयी निबंध लिहिला, तो १८५५ साली 'ज्ञानोदय'मध्ये छापून आला. शाळेत जाऊन तिला जेमतेम तीन वर्षं झाली होती. आजही तो निबंध विद्यापीठांत अभ्यासाला असतो.

करवीर तालुक्यातल्या आमच्या एका गटानं यंदा अशाच एका मुलीसाठी अंतर्गत कर्ज मंजूर केलं. दोन बैठका वाद झाला. शेवटी ठरावात एक अट घातली गेली: मुलीनं सुट्टीत गावी आल्यावर गटाची वही स्वतः लिहून न देता गटातल्या दोघींना लिहायला शिकवायचं. ही अट आम्हाला फार आवडली. तुमच्या गटात असा विषय आला तर विचारात घ्या.

ज्यांच्या घरात यंदा मुलगी प्रवेश घेणार आहे, त्यांनी कागद आत्ताच काढून ठेवा. दहावी, बारावी आणि पदवीच्या गुणपत्रिका, शाळा सोडल्याचा दाखला, जातीचा दाखला असेल तर तो, उत्पन्नाचा दाखला चालू वर्षाचा. शिवाजी विद्यापीठात 'कमवा आणि शिका' योजना आहे, वसतिगृह आहे, त्यांची चौकशी प्रवेशाच्या वेळीच करायची. राज्य सरकारची मुलींसाठीची फीमाफी त्या अभ्यासक्रमाला लागू आहे का, हेही फी भरण्याआधी विचारा, नंतर नाही. मुक्त विद्यापीठाला जाणाऱ्या विवाहित मैत्रिणींनी एक लक्षात ठेवा: गुणपत्रिकेवर माहेरचं नाव आणि आधारवर सासरचं असेल, तर विवाह नोंदणीचा दाखला किंवा राजपत्रातली नावबदलाची नोंद लागते. त्याला दिवस लागतात, म्हणून ते काम पहिलं करा.