खेळातली शाळा

तीन-चार वर्षांचे मूल दिवसभर काय करते? मातीत बसते, खडे गोळा करते, डबे एकावर एक रचते आणि पाडते. मोठी माणसे म्हणतात, "नुसता खेळतो! शाळेत घाला, म्हणजे काहीतरी शिकेल." पण हे मूल खेळताना काहीच शिकत नसते का?

मारिया माँटेसरी या इटलीतील डॉक्टर होत्या. १९०७ साली त्यांनी रोम शहरातील एका गरीब वस्तीत लहान मुलांसाठी शाळा सुरू केली. लाकडी ठोकळे, मणी अशा वस्तू हाताळत मुले आपली आपण शिकतात, हे त्यांना तेथे दिसून आले. आपल्याकडे गुजरातमध्ये भावनगर येथे गिजुभाई बधेका यांनी हा विचार रुजवला. त्यांच्याबरोबर काम करत होत्या ताराबाई मोडक. पण माँटेसरींची साधने महाग होती. शहरातील सुखवस्तू घरांतल्या मुलांना ती मिळत. खेड्यातील मुलांनी काय करावे?

या प्रश्नाचे उत्तर शोधण्यासाठी ताराबाई १९४५ साली समुद्रकाठच्या बोर्डी गावी गेल्या. हे गाव तेव्हा ठाणे जिल्ह्यात होते, आता ते पालघर जिल्ह्यात आहे. ताराबाईंचे वय तेव्हा त्रेपन्न वर्षांचे होते. अनुताई वाघ त्यांच्या मदतीला आल्या. साधने कोठून आणायची? ती तर गावात पडलेलीच होती! शंख, शिंपले, बिया, पाने, खडे. ज्याला पैसे पडत नाहीत, असे सगळे शाळेत आले.

आता चिंचोके आणि खडे यांचा एक ढीग घ्या आणि तो मुलासमोर ठेवा. मूल चिंचोके एकीकडे आणि खडे दुसरीकडे ठेवू लागते. 'सारखे' कोणते आणि 'वेगळे' कोणते, हे ते ओळखते. गणिताची सुरुवात येथेच होते. काही मुले वीसपर्यंत आकडे घडाघडा म्हणतात. पण "मला पाच खडे दे" म्हटले, की मूठभर खडे हातात देतात. त्यांना आकड्यांची नावे येतात, पाच म्हणजे किती ते कळलेले नसते. एकेक खडा उचलून ठेवताना ते कळू लागते. शिवाय बारीक बी उचलायला अंगठा आणि दोन बोटे लागतात. पुढे पेन्सिलही याच बोटांनी धरायची असते. बोटांत बळ येण्याआधीच मुलाला अक्षरे गिरवायला बसवले, तर हात दुखतो आणि अभ्यासाचा कंटाळा येतो, तो वेगळाच.

भातुकलीचा खेळही असाच. कोणी आई होते, कोणी दुकानदार. भाव ठरतो, भांडण होते, समजूतही निघते. एरवी गप्प असणारे मूल दुकानदार झाले, की भराभर बोलू लागते.

बोर्डीत एक अडचण होती. गरीब वस्तीतील मुले शाळेपर्यंत येईनात. मग शाळाच त्यांच्या अंगणात गेली. पुढे हे काम जवळच्या कोसबाडच्या टेकडीवर, वारली आदिवासींमध्ये सुरू झाले. तेथे मोठी बहीण शाळेत यायची, तर कडेवर धाकटे भावंड असायचे. म्हणून पाळणाघर, बालवाडी आणि प्राथमिक शाळा एकाच ठिकाणी आणल्या. तिचे नाव विकासवाडी. गुरे राखणाऱ्या मुलांसाठी तर शिक्षक कुरणात जात. ताराबाई १९७३ साली वारल्या. त्यानंतर अनुताईंनी हे काम १९९२ पर्यंत, म्हणजे आपल्या अखेरीपर्यंत चालवले.

१९७५ साली सरकारने लहान मुलांसाठी देशभर एक योजना सुरू केली. तिच्या केंद्रांना 'अंगणवाडी' म्हणतात. तुमच्या मोहल्ल्यातही एखादी असेल. कधी वेळ मिळाला, तर तेथे थोडा वेळ बसा आणि एखादे मूल बी कशी उचलते, ते पाहा. मात्र त्याला मदत करायला जाऊ नका.