अष्टपादाच्या हौदातील सफाईदार
अष्टपाद हा खेकडे, कोळंबी व शिंपले यांवर जगणारा शिकारी प्राणी होय. त्याचे उष्टे कुजले की पाण्यात अमोनिया वाढतो व तो त्याच्याच जिवावर बेततो. सफाईसाठी खेकडा अथवा गोगलगाय ठेवावी, तर तीच त्याचे भक्ष्य होते. कठीण अंगाच्या तारामाशाच्या वाटेस मात्र अष्टपाद सहसा जात नाही. तथापि निवड डोळसपणे करावी. दगडांखाली दडून उष्टे वेचणारे लहान भंगुरतारे, म्हणजे तारामाशाचे सडपातळ बाहूंचे आप्त, योग्य ठरतात. त्यांतील मोठी हिरवी जात जिवंत मासेही पकडते. म्हणून ती वर्ज्य समजावी. क्षारतेतील आकस्मिक बदल या प्राण्यांना सोसत नाही. यास्तव नव्या पाण्याची सवय त्यांना सावकाश लावावी. इतके करूनही उष्ट्याचे मोठे तुकडे पालकाने स्वतःच काढले पाहिजेत.