कचरा नेमका कुणाचा?

लेखमाला : हिशेब माणसांचा – लेखांक ६

गेल्या आठवड्यात आपण म्हसवडच्या माणदेशी बँकेत डोकावलो. अंगठा उठवणाऱ्या बाया बँक काय चालवणार, या शंकेला त्यांनी व्याजाचा तोंडी हिशेब करून कसं उत्तर दिलं, ते पाहिलं. आज पुण्यात येऊ. इथलं भांडवल आहे कचरा.

१९९० च्या सुमारास एसएनडीटी महिला विद्यापीठाचा प्रौढशिक्षण कार्यक्रम पुण्याच्या वस्त्यांत पोचला, तेव्हा कचरा वेचणाऱ्या बाया भेटल्या. बहुतेक दलित, कित्येकींची घरं बहात्तरच्या दुष्काळात गाव सोडून आलेली. पहाटे पोतं घेऊन निघायचं, कचराकुंडीत हात घालायचा, निघेल ते भंगारवाल्याच्या काट्यावर टाकायचं. वर चोरीचा आळ.

कोरेगाव पार्क भागात काही घरांनी सुका कचरा वेगळा द्यायला सुरुवात केली. हात कमी बरबटले, कमाई वाढली. कचऱ्यात पैसा आहे म्हटल्यावर एका उद्योजकाने तो नेण्यासाठी गाड्या आणल्या. बायांनी गाड्या अडवल्या. इतकी वर्षं ज्याला कुणी हात लावत नव्हतं, त्यावर आता आमचा हक्क नाही?

हा प्रश्न घेऊन मे १९९३ मध्ये कचरावेचकांची परिषद भरली आणि ‘कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत’ उभी राहिली. पाठीशी हमालांना संघटित करणारे बाबा आढाव होते. संघटनेच्या ओळखपत्राला पुढे महापालिकेनेही मान्यता दिली. छातीवर ओळखपत्र आलं की हटकणाऱ्याचा आवाज उतरतो.

सन २००० च्या घनकचरा नियमांनी घरोघरी कचरा गोळा करणं शहरांवर बंधनकारक केलं. म्हणजे रस्त्यावरची कुंडी जाणार, आणि तिच्यावर जगणारीही. हे काम ठेकेदाराला मिळण्याआधी आपणच घ्यावं, असं बायांनी ठरवलं. त्यातून कचरावेचकांच्याच मालकीची ‘स्वच्छ’ ही सहकारी संस्था निघाली आणि २००८ मध्ये तिचा महापालिकेशी करार झाला.

तिचं गणित समजून घेण्यासारखं आहे. दोघींची जोडी ठरलेल्या घरांमधून ढकलगाडीने कचरा नेते. घरटी दरमहा ठरलेलं शुल्क तिचं. सुका कचरा निवडून विकला की ते पैसेही तिचे. महापालिकेने संस्थेच्या व्यवस्थापनाचा खर्च आणि साधनं द्यायची.

ठेकेदाराला टनावर पैसे मिळत असतील, तर ओलं-सुकं एकत्र असलेलंच त्याला परवडतं. कचरा जितका जड तितकं बिल मोठं. इथे उलट आहे. बाटली, पुठ्ठा, पत्रा जितका नीट निवडावा तितकी कमाई. तिने काढून घेतलेलं पुन्हा कारखान्यात जातं. न निवडलेला कचरा वर्षानुवर्षं फुरसुंगी-उरुळी देवाची इथल्या डेपोत जात राहिला आणि तिथल्या विहिरी नासल्या. पर्यावरण राखणं हे इथे कुणाचं पुण्यकर्म नाही, ते तिच्या मिळकतीतच गुंफलेलं आहे.

गणित दर वेळी सुटतं असं मात्र नाही. भंगाराचा भाव पडला की तिचं पोट चिमटतं. चिप्सच्या पाकिटांना गिऱ्हाईक नाही, तरी ती उचलावी लागतात. सॅनिटरी पॅड कागदात गुंडाळून लाल ठिपका देऊन द्या, म्हणून संस्थेला मोहीम काढावी लागली. २०१३ मध्ये तर वापरलेले पॅड थेट उत्पादक कंपन्यांना पाठवून देण्यात आले : माल तुमचा, कचरा आमचा, हे कसं? शिवाय करार संपत आला की ठेक्याची चर्चा पुन्हा डोकं वर काढते.

आणि सगळ्यात बोचरी गोष्ट : हात बदललेले नाहीत. मालकी मिळाली, तरी कचरा उपसतात त्या अजूनही बहुतेक दलित बायाच. ही कोंडी एकट्या सहकारी संस्थेने फुटणारी नाही. पण रात्रीतून हे काम ठेकेदाराकडे गेलं, तर त्या मोकळ्या होणार नाहीत, नुसत्या बेकार होतील.

म्हणून एखादा उपक्रम ‘सामाजिक’ आहे का, हे ठरवताना मी आधी काट्याकडे पाहतो. तो कुणाच्या हातात आहे आणि वजन वाढलं की पैसे कुणाच्या पदरात पडतात? ‘स्वच्छ’च्या बाबतीत उत्तर बऱ्याच अंशी समाधानाचं आहे. उरलेला अंश आपल्या दारातला आहे : सकाळी तिच्या हाती आपण एक बादली देतो की दोन?

(पुढच्या आठवड्यात : हमाल पंचायतीची ‘कष्टाची भाकर’)