वर्डप्रेस : मालक नाही, पण वाली आहे

‘बारभाई कारभार’ म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर गोंधळच येतो. सगळ्यांचं काम ते कुणाचंच नाही, हा सोसायटीच्या बैठकीपासून गावच्या जत्रेपर्यंतचा आपला अनुभव. पण जगातल्या दर पाच वेबसाइटपैकी साधारण दोन ज्या सॉफ्टवेअरवर चालतात, ते वर्डप्रेस अशाच बारभाईंनी वीसेक वर्षं चालवलं आहे. त्याच्याबद्दलचे काही गैरसमज मात्र अजून हटत नाहीत.

गैरसमज : फुकट मिळतं, म्हणून त्याला ओपन सोर्स म्हणतात.

वस्तुस्थिती : इंग्रजीत ‘मोफत’ आणि ‘मुक्त’ यांना ‘फ्री’ हा एकच शब्द आहे, त्यातून हा घोळ झाला. मराठीत दोन वेगळे शब्द असूनही आपण तो उसना घेतला. वर्डप्रेस ‘जीपीएल’ या परवान्याखाली मिळतं. ते कशासाठीही वापरा, आतला कोड वाचा, बदला, मूळ किंवा बदललेली प्रत वाटा, अगदी विकासुद्धा. मात्र प्रत देताना समोरच्यालाही हेच हक्क द्यावे लागतात. बाकी डोमेन, होस्टिंग आणि साइट बनवून देणाऱ्याची मजुरी यांचे पैसे पडतातच.

गैरसमज : एका हुशार पोराने एकट्याने ते उभं केलं.

वस्तुस्थिती : सुरुवातच दुसऱ्याच्या कोडपासून झाली. मिशेल वाल्ड्रिघी या फ्रेंच प्रोग्रामरचं ‘बी२’ नावाचं सॉफ्टवेअर होतं. पुढे त्याचं काम थांबलं आणि वापरणारे वाऱ्यावर पडले. जानेवारी २००३ मध्ये अमेरिकेतल्या मॅट मुलेनवेग या १९ वर्षांच्या विद्यार्थ्याने आपल्या साइटवर लिहिलं की, परवाना जीपीएल आहे, तर हे आपण पुढे नेऊ शकतो. इंग्लंडमधल्या माइक लिटल यांनी ‘मी आहे सोबत’ असं कळवलं. २७ मे २००३ रोजी पहिली आवृत्ती आली. वर्षभराने ‘मूव्हेबल टाइप’ या तेव्हाच्या लोकप्रिय प्रतिस्पर्ध्याने परवान्याच्या अटी आणि दर बदलले, तेव्हा वैतागलेले अनेकजण इकडे वळले. २००४ मध्येच प्लगइनची सोय झाली, २००५ मध्ये थीमची. मूळ कोडला हात न लावता भर घालता येऊ लागली आणि हातभार लावणाऱ्यांची रांग लागली. अलीकडच्या मोठ्या आवृत्त्यांच्या श्रेयनामावलीत शेकडो नावं असतात.

गैरसमज : कोड उघडा आहे, म्हणजे चोराला वाट मोकळी.

वस्तुस्थिती : वाचायची मुभा सगळ्यांना आहे, पण मूळ कोडमध्ये बदल घालायचा अधिकार मोजक्यांनाच. चूक दिसली की तिची नोंद होते, कुणीतरी दुरुस्ती सुचवतं, इतरजण ती तपासतात आणि बीटा आवृत्तीत ती पारखली जाते. सुरक्षेतल्या त्रुटी तर दुरुस्ती होईपर्यंत खासगीतच कळवायची पद्धत आहे. साइटमध्ये घुसखोरी होते ती बहुतेकदा जुनाट प्लगइन किंवा कच्च्या पासवर्डमुळे. कुलूप चांगलं असून किल्ली पायपुसण्याखाली ठेवण्यातला हा प्रकार. ऑक्टोबर २०१३ मधल्या ३.७ आवृत्तीपासून सुरक्षेच्या छोट्या सुधारणा आपोआप बसतात, मालकाने हातपाय हलवले नाहीत तरी.

गैरसमज : कोडिंग येत नसेल, तर आपलं तिथे काय काम?

वस्तुस्थिती : वर्डप्रेस मराठीत दिसतं ते अनुवाद करणाऱ्यांमुळे. खातं उघडून कुणीही वाक्यं सुचवावीत, भाषेचे संपादक ती तपासून मंजूर करतात. काम वाटतं तितकं सरधोपट नाही. समजा, इंग्रजी वाक्यात गावाच्या नावासाठी रिकामी जागा सोडली आहे. तिथे ‘पुणे’ आलं की सॉफ्टवेअर ‘पुणेमध्ये’ लिहून मोकळं होतं, कारण ‘पुण्यात’ म्हणायला लागणारं सामान्यरूप त्याच्या गावीही नसतं. मग मुरलेला अनुवादक वाक्यच फिरवतो आणि ‘ठिकाण : पुणे’ असं लिहितो. विभक्ती टळते, वाचणाऱ्याच्या कानाला खटकत नाही. हे प्रोग्रामरला नाही, भाषा जाणणाऱ्यालाच सुचतं. मुंबई, पुणे, नाशिक, नागपूर इथे भरलेले ‘वर्डकॅम्प’ मेळावेही स्वयंसेवकांनीच उभे केले.

गैरसमज : सगळ्यांचं आहे, म्हणजे सत्ता कुणाचीच नाही.

वस्तुस्थिती : इथे मात्र जपून बोलावं. कोड सगळ्यांचा आहे, नाव नाही. मुलेनवेग यांच्या ‘ऑटोमॅटिक’ कंपनीने ‘वर्डप्रेस’ हे व्यापारचिन्ह २०१० मध्ये वर्डप्रेस फाउंडेशनकडे सोपवलं. तरी २०२४ मध्ये मुलेनवेग यांचा ‘डब्ल्यूपी इंजिन’ या होस्टिंग कंपनीशी व्यापारचिन्हावरून वाद पेटला, तिला वर्डप्रेस डॉट ऑर्ग या अधिकृत साइटच्या सुविधा बंद केल्या गेल्या आणि प्रकरण कोर्टात गेलं. एका माणसाच्या हाती किती चाव्या असाव्यात, हा प्रश्न तेव्हा समुदायातल्या अनेकांनी उघडपणे विचारला. परवाना कोडचं रक्षण करतो, माणसांमधली भांडणं तो मिटवत नाही.

आणि बारभाईंचं म्हणाल, तर नारायणराव पेशव्याच्या खुनानंतर जन्मलेल्या त्याच्या मुलाचा, सवाई माधवरावाचा हक्क राखायला एकत्र आले तेच मूळचे बारभाई. त्यांनी तो राखलाही. बापाविना जन्मलेल्या पोराला वाली मिळाला होता. वाल्ड्रिघीच्या पोरक्या कोडलाही तसाच मिळाला.