पुरळ नाही, तरी अंगभर खाज का?

दिवाळी सरली, की पुण्याची हवा कोरडी पडू लागते. डिसेंबर-जानेवारीत रात्रीचे तापमान अनेकदा १० अंशांखाली जाते आणि घरोघरी एक तक्रार ऐकू येते : अंगभर खाज सुटते, पण अंगावर पुरळ नाही, गांधी नाहीत.

याचे सर्वांत सामान्य कारण म्हणजे कोरडी त्वचा. वाढत्या वयात त्वचेतील स्निग्धांश घटतो आणि कढत पाण्याची आंघोळ व उग्र साबण उरलासुरलाही धुऊन नेतात. आधी तेल लावून ते उटण्याने घासून काढण्याची आपली रीत सणापुरती ठीक. रोजच्यासाठी क्रम उलटा हवा. कोमट पाण्याने थोडक्यात आंघोळ उरकावी, अंग हलकेच टिपावे आणि ते दमट असतानाच पेट्रोलियम जेली किंवा मॉइश्चरायझर लावावे.

दोन-तीन आठवडे असे करूनही खाज थांबली नाही, तर कारण शरीराच्या आत शोधावे लागते. पित्ताचा प्रवाह अडला की खाज येते, कधी डोळे पिवळे होण्याच्याही आधी. गर्भारपणाच्या शेवटच्या तिमाहीत तळहात-तळपायांना रात्री विशेष खाज येत असेल, तर त्याच दिवशी डॉक्टरांना सांगावे. या विकारात पित्ताम्ले फार वाढली तर बाळाच्या जिवाला धोका असतो. मूत्रपिंड निकामी होणे, लोहाची कमतरता, थायरॉइडचे विकार, काही औषधे हीही कारणे आहेत. आंघोळीनंतर दरवेळी खाज उसळत असेल, तर रक्तातील तांबड्या पेशी वाढलेल्या असू शकतात. खाजेबरोबर वजन घटणे, रात्री दरदरून घाम येणे, मानेत वा काखेत गाठी येणे ही लक्षणे असतील, तर लसिका ग्रंथींचा कर्करोग नाही ना, हे पाहावेच लागते. क्वचितच तसे निघते. पण तपासणी टाळू नये.

घरात इतरांनाही रात्री खाज येत असेल, तर मात्र खरजेची शंका घ्यावी. तिच्या खुणा, विशेषतः स्वच्छ राहणाऱ्यांत, सहज नजरेस पडत नाहीत.

डॉक्टर पाठीकडेही पाहतात. हात पोहोचतो तिथे ओरखडे आणि मध्यभाग स्वच्छ, असे दिसले तर त्या खुणा खाजवल्यानेच उमटल्या, हे कळते. हिमोग्राम, फेरिटिन, यकृत, मूत्रपिंड, थायरॉइड व रक्तशर्करा एवढ्या तपासण्यांतून बराच उलगडा होतो. त्यासाठी महागडे 'फुल बॉडी पॅकेज' घेण्याचे कारण नाही.

औषध दुकानातून परस्पर आणलेल्या ॲलर्जीच्या गोळीने झोप येते, खाज मात्र बहुधा तशीच राहते. कारण यकृत वा मूत्रपिंडाच्या विकारातील खाज प्रामुख्याने हिस्टामिनमुळे होत नाही. स्टिरॉइडमिश्रित मलमे तर त्वचा पातळ करतात. पित्ताच्या खाजेवर कोलेस्टिरामिन, डायलिसिसच्या रुग्णांना बेताच्या मात्रेत गॅबापेंटिन, लोह कमी असेल तर लोह, असा उपचार कारणानुसार बदलतो आणि तो डॉक्टरांच्या देखरेखीखालीच घ्यावा लागतो.