आदिवासी गावांतल्या तरुणांना 'नेतृत्व प्रशिक्षण' देतात, म्हणजे नेमकं काय शिकवतात?

समजा, गडचिरोलीतलं एखादं गाव आहे. तेंदूपत्त्याचा हंगाम तोंडावर आलाय. ठेकेदाराचा माणूस करारनामा घेऊन आलाय आणि ग्रामसभेने आजच सही करावी, असं त्याचं म्हणणं आहे. कागदावर दर लिहिलाय, पण पैसे किती दिवसांत मिळणार हे कुठेच लिहिलेलं नाही. गावातल्या जाणत्या माणसांना जंगलाची खडानखडा माहिती आहे. पण कागद वाचायची वेळ येते, तेव्हा सगळ्यांच्या नजरा बारावी झालेल्या एका मुलीकडे वळतात.

ती काय करते, यावर गावाचं हंगामभराचं उत्पन्न ठरू शकतं.

अशा तरुणांना तयार करण्यासाठी देशात बऱ्याच वर्षांपासून प्रशिक्षणं होतात. आधी हे काम मुख्यतः संघटना आणि संस्था करायच्या. २०२५ मध्ये केंद्राच्या आदिवासी कार्य मंत्रालयाने 'आदि कर्मयोगी अभियान' सुरू केलं. एक लाख आदिवासीबहुल गावांमध्ये २० लाख जणांना तयार करायचं, असं त्याचं लक्ष्य आहे. यात सरकारी कर्मचारी आहेत, तसेच गावातले तरुण, शिक्षक आणि बचत गटाच्या महिलाही आहेत.

पण 'नेतृत्व' शिकवायचं म्हणजे काय? भाषण करायला शिकवतात का? तर नाही. ते समजून घ्यायचं असेल, तर आधी ग्रामसभेकडे बघावं लागेल.

ग्रामसभेला एवढं महत्त्व का?

दोन कायद्यांमुळे.

पहिला, १९९६ चा पेसा कायदा. राज्यघटनेच्या पाचव्या अनुसूचीतल्या भागांना तो लागू होतो. महाराष्ट्रात पालघरपासून गडचिरोलीपर्यंत १३ जिल्ह्यांमध्ये असे भाग आहेत. या कायद्यात 'गाव' म्हणजे फक्त महसुली गाव नाही. आपला कारभार परंपरेनुसार चालवणारा पाडाही गाव ठरू शकतो आणि त्याची स्वतःची ग्रामसभा असू शकते. महाराष्ट्राने या कायद्याचे नियम २०१४ मध्ये केले.

दुसरा, २००६ चा वनहक्क कायदा. यात कसत असलेल्या वनजमिनीवर वैयक्तिक हक्क मिळतो, तसाच गावाला आपल्या पारंपरिक जंगलावर सामूहिक हक्कही मिळतो. बांबू आणि तेंदू हे गौण वनोपज आहेत, असं हा कायदा स्पष्ट सांगतो. म्हणजे त्यांची मालकी गावाकडे येते.

ग्रामसभेची ताकद देशाने २०१३ मध्ये पाहिली. ओडिशातल्या नियमगिरी डोंगरावर बॉक्साइटची खाण होणार होती. सुप्रीम कोर्टाने विषय ग्रामसभांकडे पाठवला. १२ ग्रामसभा झाल्या आणि बाराही गावांनी खाणीला नकार दिला.

मग प्रशिक्षण कशासाठी?

कारण कायद्याने अधिकार दिला, तरी तो मिळवायचा मार्ग कागदांतून जातो.

वनहक्काचा दावा करायचा तर आधी ग्रामसभेने वनहक्क समिती निवडायची. त्यात १० ते १५ सदस्य हवेत, किमान दोन तृतीयांश अनुसूचित जमातीचे आणि किमान एक तृतीयांश महिला. दाव्याला कमीत कमी दोन पुरावे जोडायचे. मग तो दावा उपविभागीय समितीकडे आणि तिथून जिल्हास्तरीय समितीकडे जातो. दावा फेटाळला तर ६० दिवसांत अपील करायचं.

या साखळीत एक कडी तुटली, एक तारीख चुकली किंवा ठरावावर कोरम लिहायचा राहिला, तरी दावा अडकतो.

अडकला तर काय होतं, हे फेब्रुवारी २०१९ मध्ये दिसलं. ज्यांचे दावे फेटाळले गेले, त्यांना वनजमिनीवरून हटवा, असा आदेश सुप्रीम कोर्टाने १३ फेब्रुवारीला दिला. देशभरातल्या लाखो कुटुंबांवर टांगती तलवार आली. दोनच आठवड्यांत, २८ फेब्रुवारीला, कोर्टाने या आदेशाला स्थगिती दिली. दावे फेटाळताना नीट प्रक्रिया पाळली गेली होती का, हा प्रश्न तेव्हा कळीचा ठरला.

थोडक्यात, गावात प्रक्रिया माहीत असलेलं माणूस असणं हा हौसेचा विषय नाही. त्यावर घर आणि शेत अवलंबून असतं.

प्रशिक्षणात काय असतं?

संस्थेनुसार फरक पडतो, पण चार गोष्टी जवळपास सगळीकडे लागतात.

१. पुरावा ओळखणं. पुरावा म्हणजे सरकारी शिक्क्याचा कागद, असा समज असतो. पण वनहक्क नियमांनुसार गावातल्या वृद्धांचा लेखी जबाबही पुरावा आहे. जुनी विहीर, दफनभूमी, देवस्थान हेही पुरावे आहेत. विदर्भात जुनी निस्तार पत्रकं उपयोगी पडतात, कारण गाव कोणत्या जंगलातून काय आणत होतं याची नोंद त्यात असते. एका विशिष्ट पुराव्याचा हट्ट धरून दावा फेटाळता येत नाही, हेही २०१२ मध्ये सुधारलेल्या नियमांत आहे. हे माहीत असलेला तरुण 'सॅटेलाइट फोटो आणा' या एका वाक्याने परत फिरत नाही.

२. नकाशा. म्हाताऱ्या माणसांबरोबर शिवार फिरायचं, नाल्यांची, टेकड्यांची, जुन्या वाटांची नावं लिहायची आणि जीपीएसने हद्द नोंदवायची. शेजारच्या गावाशी हद्दीवरून वाद असेल तर तो कार्यालयात जाण्याआधी दोन्ही गावांनी बसून मिटवायचा.

३. हिशेब. महाराष्ट्रात ७० पानांचा एक पुडा आणि १००० पुड्यांची एक गोणी, असा तेंदूपत्त्याचा हिशेब चालतो. कोणी किती पुडे दिले, दर काय, किती पैसे आले, किती राहिले हे रोज लिहावं लागतं. शिवाय ग्रामसभेचं बँक खातं, पॅन कार्ड, लिलावाच्या अटी, करारनामा हे सगळं आलंच.

४. सभा चालवणं. हे सगळ्यात अवघड. अधिकाऱ्याचं पत्र मराठीत येतं, गाव गोंडी किंवा माडिया बोलतं. पत्राचा अर्थ सगळ्यांना आपल्या भाषेत कळला पाहिजे, गप्प बसलेल्यांना बोलतं केलं पाहिजे आणि जे ठरलं तेच ठरावात उतरलं पाहिजे.

याचं चांगलं उदाहरण आहे का?

आहे, आणि ते महाराष्ट्रातलंच आहे. धानोरा तालुक्यातलं मेंढा (लेखा). 'दिल्ली-मुंबईत आमचं सरकार, आमच्या गावात आम्हीच सरकार' ही घोषणा याच गावाची.

२००९ मध्ये या गावाला सुमारे १८०० हेक्टर जंगलावर सामूहिक वनहक्क मिळाला. तरीही बांबूच्या वाहतुकीचा परवाना वन विभागाकडेच होता. एप्रिल २०११ मध्ये तत्कालीन केंद्रीय मंत्री जयराम रमेश गावात आले आणि परवान्याचं पुस्तक ग्रामसभेच्या हाती दिलं गेलं.

पण गावाची तयारी त्याच्या कितीतरी आधीपासून सुरू होती. देवाजी तोफा आणि 'वृक्षमित्र' संस्थेचे मोहन हिराबाई हिरालाल यांच्या पुढाकाराने इथे 'अभ्यास गट' चालायचे. एक विषय घ्यायचा, माहिती गोळा करायची, चर्चा करायची. अभ्यास गटाने निर्णय घ्यायचा नाही. निर्णय ग्रामसभेचा, आणि तोही बहुमताने नाही, सर्वसहमतीने.

अभ्यास करणारे वेगळे आणि ठरवणारं सगळं गाव, ही फोड महत्त्वाची आहे. ज्याला जास्त माहिती आहे तो गावाचा मालक होत नाही.

चंद्रपूर जिल्ह्यातल्या पाचगावचा निर्णयही बघण्यासारखा आहे. २०१२ मध्ये सामूहिक वनहक्क मिळाल्यावर या गावाने तेंदूपत्ता तोडणंच बंद केलं. तेंदूसाठी फांद्या छाटल्या जातात, आगी लावल्या जातात, जंगलाचं नुकसान होतं, हे त्यामागचं कारण. गावाने बांबूवर भर दिला. हातात येणारा पैसा सोडायचा हे एकट्या नेत्याने सांगून होत नाही. त्यासाठी सगळ्या गावाने आधी हिशेब समजून घ्यावा लागतो.

महिलांचं काय?

कायद्यात महिलांसाठी जागा आहेत, पण नाव लिहिणं आणि बोलू देणं यात अंतर असतं. सभा संध्याकाळच्या स्वयंपाकाच्या वेळेला ठेवली, की निम्मं गाव आपोआप बाहेर राहतं.

गडचिरोलीतल्या कोरची तालुक्यात ग्रामसभांनी एकत्र येऊन 'महाग्रामसभा' उभी केली. तिथे प्रत्येक ग्रामसभेने दोन महिला आणि दोन पुरुष प्रतिनिधी पाठवायचे, अशी रचना आहे. तालुक्यात महिलांचे गट आधीपासून काम करत होते, त्यामुळे महिला तिथे नुसत्या सहीपुरत्या आल्या नाहीत.

मग अडचण कुठे येते?

गावात कायदा आणि हिशेब कळणारा एकच माणूस असेल, तर तोच हळूहळू दरवाजा बनतो. अधिकारी त्यालाच फोन करतात, ठेकेदार त्यालाच भेटतो. काल ज्याला कार्यकर्ता म्हणत होते, त्याला उद्या गाव दलाल म्हणू लागतं. दरवेळी त्याचा हेतू वाईट असतो असं नाही. रचनाच तशी बनते.

दुसरा पेच प्रशिक्षण कोण देतं याचा आहे. सरकारी कार्यक्रमाचा भर साहजिकच योजना लोकांपर्यंत पोहोचवण्यावर असतो. घरकुल, आधार, आरोग्य कार्ड ही कामं गरजेचीच आहेत. पण नियमगिरीसारखी वेळ आली, तर ग्रामसभेला सरकारच्याच प्रस्तावाला 'नाही' म्हणायचं असतं. योजनेचा अर्ज भरायला शिकलेल्या तरुणाला हा 'नाही' ठरावात लिहायलाही शिकवलं जाईल का? २० लाख हा आकडा किती पूर्ण झाला, यापेक्षा हा प्रश्न मोठा आहे.

त्यामुळे प्रशिक्षण चांगलं झालं की नाही, हे ओळखायची एक साधी खूण आहे. प्रशिक्षण घेतलेला तरुण चार महिने गावाबाहेर गेला, तर सभा होते का? हिशेबाची वही दुसरं कोणी लिहितं का?

सुरुवातीच्या त्या गावात परत जाऊ. नीट शिकलेली मुलगी करारनाम्यावर सही करणार नाही आणि ठेकेदाराला एकटीने हाकलूनही देणार नाही. ती कागद ठेवून घेईल, सभेची तारीख सांगेल आणि त्या दिवशी सगळ्यांसमोर, आपल्या भाषेत, एकेक अट वाचून दाखवेल. पैसे मिळण्याची मुदत लिहिलेली नाही, हे तेव्हा सगळ्या गावाला कळेल. पुढचं काय ते गाव ठरवेल.