एका पात्याचे दिवस

ठाण्याच्या वागळे इस्टेटीत सुपरमॅक्सचा ब्लेडचा कारखाना होता. काही वर्षांपूर्वी तिथलं उत्पादन थांबलं, कामगारांची देणी थकली, आंदोलनं झाली, ठाणे पुरवण्यांत बातम्या येऊन गेल्या आणि बाकीच्या महाराष्ट्राने पान उलटलं. मीही उलटलं असतं. पण परवा कोपऱ्यावरच्या दुकानात नेहमीचं ब्लेडचं पाकीट मागितलं, तर गल्ल्यावरचा पोरगा म्हणाला, "ते आता कोण घेतं काका? हे घ्या, पाच पात्यांचं आहे." त्याने पुढे केलेल्या चार कार्ट्रिजच्या किमतीत माझी वर्षाची ब्लेडं येतात, वर एक बरा ब्रशही येतो. 'काका' म्हटल्याचं वाईट वाटलं नाही, 'कोण घेतं' झोंबलं. म्हणून हा मागोवा.

सुरुवातीचा इतिहास थोडक्यात उरकतो, कारण त्यात मला फारसा रस नाही. किंग कॅम्प जिलेट या अमेरिकन फिरत्या विक्रेत्याला वापरून फेकून द्यायच्या पात्याची कल्पना सुचली, विल्यम निकरसन या इंजिनिअरने ती पोलादात उतरवली. १९०३ मध्ये त्यांचे ५१ रेझर आणि १६८ ब्लेडं खपली. १९०४ मध्ये पेटंट मिळालं आणि त्याच वर्षी रेझरचा खप ९० हजारांवर गेला. पुढची पाऊणशे म्हणावी इतकी नाही, पण पन्नासहून जास्त वर्षं गंजाची. कार्बन पोलादाचं ब्लेड ओलं राहिलं की सकाळी तांबूस झालेलं. १९६२ मध्ये विल्किन्सन स्वोर्डने स्टेनलेसचं ब्लेड काढलं, तेव्हा कुठे ते दुखणं सरलं. जिलेटलाही मुकाट मागे यावं लागलं. आपल्याकडे तोवर धोकटी काखोटीला मारून घरोघर जाणारा नाभिक, चामड्याच्या पट्ट्यावर परजलेला वस्तरा आणि गालावर चोळलेलं गार पाणी. आजोबांच्या पिढीला दाढीचा वार ठरलेला असे. गालाला काय मानवतं हा प्रश्न नव्हता, न्हावी मानवला की झालं.

मला रेंगाळायचंय ते १९८० च्या दशकात. मिसरूड फुटण्यापासून नोकरी लागेपर्यंतचं माझं सगळं त्यात झालं. तेव्हाच्या किराणा दुकानात, गोळ्यांच्या बरण्यांच्या वर, ब्लेडची पुठ्ठ्याची कार्डं टांगलेली असत. टोपाझ, पनामा, भारत, अशोक. ही नावं वेगवेगळी दिसली तरी त्यातली बरीच एकाच मल्होत्रा घराण्याची, हे आम्हाला फार उशिरा कळलं. कोलकात्याचे हे मल्होत्रा, आणि ठाण्याचा सुपरमॅक्सही त्यांच्याच गोतावळ्यातला. म्हणजे आम्ही ज्याला निवड म्हणून मिरवत होतो, ती पुष्कळशी एकाच घरातल्या भावंडांमधली होती. तरी भावंडांचे स्वभाव वेगळे होते, यात शंका नाही.

ते स्वभाव मला कळले पुण्यातल्या हॉस्टेलवर. सकाळी बंबाच्या पाण्याची बादली मिळवायला रांग, भिंतीवर डाग पडलेला एकच आरसा आणि त्यापुढे चार चेहरे. प्रत्येकाचं ब्लेड ठरलेलं आणि ते का ठरलं याचं भाषण तयार. नागपूरच्या एका मित्राची दाढी तारेच्या ब्रशासारखी. त्याला मवाळ ब्लेड चालायचं नाही, केस ओढून डोळ्यांत पाणी आणायचं. रत्नागिरीच्या दुसऱ्याची कातडी इतकी नाजूक, की कडक धारेचं ब्लेड लावलं की हनुवटीखाली लाल पुरळ. तिसऱ्याचे केस कुरळे. तो ब्लेडपेक्षा दिशेच्या मागे. गळ्यावरचे केस कुठल्या बाजूला वाढतात ते बोटाने चाचपून घ्यायचा आणि मगच हात चालवायचा. ब्लेडची देवाणघेवाण सर्रास चाले, अर्थात कोऱ्या ब्लेडची. पाकिटातलं एक तू घे, तुझ्यातलं एक मला दे, रविवारी निकाल सांग.

या देवाणघेवाणीतून आम्ही जे शिकलो, ते मला पुढे कुठल्याही जाहिरातीने सांगितलं नाही. पहिली गोष्ट, नाजूक कातडीला मऊ ब्लेड हवं हा समज निम्मा चुकीचा आहे. केस राठ आणि कातडी नाजूक असेल तर बोथट ब्लेड केस कापत नाही, ओढतं. मग माणूस दाबून फिरवतो आणि जळजळ होते. अशा गालाला उलट जास्त धारेचं ब्लेड हवं, फक्त हात हलका हवा. दुसरी गोष्ट, ब्लेड एकट्याने काही ठरवत नाही. रेझरच्या डोक्यात ते किती वाकतं, धार किती बाहेर डोकावते, यावर तेच ब्लेड एका रेझरमध्ये सोज्वळ आणि दुसऱ्यात खुनशी ठरतं. म्हणून ब्लेड बदलून बघताना रेझर, साबण, पाणी तेच ठेवायचं, नाहीतर दोष कुणाचा ते कळत नाही. तिसरी गोष्ट पाण्याची. कोरडा केस ताठ असतो, पाणी प्यायला की नरमतो. आंघोळीनंतर दाढी करणाऱ्याला कुठलंही ब्लेड बरं वाटतं आणि उठल्या उठल्या कोरड्या गालावर फेस थापणाऱ्याला कुठलंच नाही.

एकदा का हे कळलं की बाकीचं सोपं. ब्रशने गोल गोल फिरवून केसांच्या मुळाशी फेस जाऊ द्यायचा. रेझर गालाशी साधारण तीस अंशांत धरायचा आणि त्याच्या स्वतःच्या वजनाने खाली येऊ द्यायचा. आधी सुलटा हात, मग पुन्हा फेस लावून आडवा. उलटा हात मारायचा तर ज्याच्या कातडीला झेपतो त्याने. शेवटी गार पाणी आणि ओल्या गालावर तुरटीचा खडा. तुरटी कुठे चुरचुरली यावरून आज कुठे दाबलं ते कळे. ब्लेड टॉवेलने पुसायचं नाही, धारेला फडकं लागू द्यायचं नाही, झटकून ठेवायचं. आणि ओढायला लागलं की फेकायचं, मग ते तिसऱ्या दाढीला ओढो की सातव्या.

फेकण्यावरून मात्र त्या दशकात घराघरांत भांडणं होती. वडीलधाऱ्यांच्या मते ब्लेड फेकणं म्हणजे उधळपट्टी. आमच्या वाड्यात एक गृहस्थ काचेच्या पेल्याच्या आतल्या बाजूला ब्लेड दोन बोटांनी दाबून पुढे-मागे घासत आणि पुन्हा धार आली असं जाहीर करत. साध्या पोलादाच्या काळात या युक्तीला काही अर्थ असेलही. पण नव्या स्टेनलेस ब्लेडच्या धारेवर क्रोमियमचा किंवा प्लॅटिनमचा मुलामा आणि वर टेफ्लॉनसारखा बुळबुळीत थर असतो. काचेवर घासलं की तोच आधी जातो. हे त्या गृहस्थांना सांगायची सोय नव्हती. आता सांगतो. धार जाते ती झिजून जाते असंही आपण समजत होतो. २०२० मध्ये अमेरिकेतल्या एमआयटीच्या संशोधकांनी सूक्ष्मदर्शकाखाली दाढी करून पाहिली. केस पोलादाहून सुमारे पन्नासपट मऊ, पण तो वाकून तिरका लागला आणि धारेत पोलादाची जडणघडण एकसारखी नसली, की धारेचा बारीकसा टवका उडतो. पेल्यात घासून टवके भरून येत नाहीत.

आणखी एक हिशेब राहिलाय, तो आखाती देशांतून सुट्टीवर येणाऱ्या नातेवाइकांचा. आयातीवर बंधनं होती, त्यामुळे त्यांच्या बॅगेतून निघणाऱ्या परदेशी ब्लेडच्या पाकिटाला देव्हाऱ्यातल्या वस्तूचा मान मिळे. एकेक ब्लेड मोजून वाटलं जाई आणि "बघ, कसं लोण्यासारखं चालतं" हे वर ऐकून घ्यावं लागे. कित्येकांच्या गालांना ते मुळीच मानवत नसे, पण फॉरेनच्या मालाला नावं ठेवायची कुणाची टाप होती? मला स्वतःला देशी टोपाझ जास्त सुखाचं वाटे, आणि तसं बोलून दाखवल्यावर मामांनी जो चेहरा केला तो अजून आठवतो.

पुढे तो परदेशी माल इथेच बनू लागला. १९८४ मध्ये इंडियन शेव्हिंग प्रॉडक्ट्स ही कंपनी निघाली, जिलेट आणि पोद्दार यांच्या भागीदारीतली. कारखाना राजस्थानात भिवाडीला. ब्लेड आलं ते जिलेटच्या नव्हे, 'सेव्हन ओ'क्लॉक'च्या नावाने. त्या वेळी दूरदर्शनवर कपिल देव दाढीच्या क्रीमचं गुणगान करत होता आणि हॉस्टेलवरच्या साबणाच्या वाट्या कोपऱ्यात जाऊन ट्यूब येत होत्या. सेव्हन ओ'क्लॉकने मल्होत्रांच्या घरगुती राज्याला खरी स्पर्धा दिली आणि काही वर्षं गिऱ्हाइकाची चंगळ झाली. ब्लेडं सुधारली, पाकिटं सुबक झाली, भाव आवाक्यात राहिले. माझ्या मते एका पात्याच्या दाढीचा तो सुवर्णकाळ.

त्याच दशकाच्या उत्तरार्धात सलूनचंही रूप पालटलं. १९८६ मध्ये चेन्नईत एचआयव्हीचे पहिले रुग्ण सापडल्यावर हळूहळू भिंतींवर एड्सची पोस्टरं लागली आणि सगळ्यांना एकच वस्तरा हा प्रकार गिऱ्हाइकाला खुपू लागला. मग पातं बदलता येणारा उस्तरा आला. कारागीर नवं ब्लेड कागदासकट लांबीत दुमडतो, कट् असा आवाज होतो, अर्धं उस्तऱ्यात सरकतं आणि अर्धं कागदात गुंडाळून पुढच्यासाठी राहतं. आपल्यादेखत ब्लेड मोडलं जाणं ही गिऱ्हाइकाची खात्री झाली. आजही लाखो ब्लेडं खपतात ती या सवयीमुळे. घरच्या न्हाणीघरांनी तर केव्हाच पाठ फिरवली.

कारण नव्वदचं दशक आलं ते दोन पाती घेऊन. पडद्यावर रेखाचित्रातलं पहिलं पातं केस उचलतं, दुसरं मुळाशी कापतं, आणि गालावरून हात फिरवणारी बाई प्रसन्न होते. त्या रेखाचित्रात एक गोष्ट नसे. केस ओढून कातडीखाली कापला, की कुरळ्या केसाचं टोक आतल्या आत वळतं आणि फोड येतो. माझ्या कुरळ्या केसांच्या मित्राने दुहेरी पातं हौसेने घेतलं आणि गळ्यावर पुरळ घेऊन फिरू लागला. पुढची वर्षं मला एकाच वर्षाच्या पुनरावृत्तीसारखी वाटतात, म्हणून भराभर सांगतो. जिलेटने दोन पाती १९७१ मध्येच आणली होती. १९७५ मध्ये 'सॅटरडे नाइट लाइव्ह' या अमेरिकन कार्यक्रमाच्या अगदी पहिल्या भागात तीन पात्यांच्या रेझरची खोटी जाहिरात करून लोकांना हसवलं गेलं. १९९८ मध्ये जिलेटने तीन पाती गंभीर चेहऱ्याने विकायला काढली. २००६ मध्ये पाच झाली. थट्टा जुनी झाली की माल होतो.

यात सगळ्यात बोलका भाग भारतातलाच आहे. इथल्या बाजारासाठी काढलेला एक रेझर कंपनीने आधी अमेरिकेत शिकणाऱ्या भारतीय विद्यार्थ्यांकडून तपासून घेतला. त्यांच्याकडे नळाला धो धो पाणी. इथला माणूस एका भांड्यातल्या पाण्यात रेझर बुचकळतो, आणि मग पात्यांच्या फटीत केस अडकून बसतात. तो धडा घेऊन २०१० मध्ये 'जिलेट गार्ड' आला, रेझर १५ रुपयांना आणि कार्ट्रिज ५ रुपयांना. त्यात पाती किती? एक. बाकी जगाला पाच पाती विकणाऱ्यांनी, माणसं खरोखर कशी दाढी करतात हे बसून पाहिलं, तेव्हा तेही एकावर आले. आम्ही हॉस्टेलवर याहून वेगळं काय म्हणत होतो?

पण तोवर उशीर झाला होता. नंतरच्या पिढीने दाढीच राखली. क्रिकेटपटूंपासून नवरदेवापर्यंत सगळे दाढीवाले, हातात ट्रिमर, कपाटात दाढीचं तेल. त्याबद्दल माझी तक्रार नाही; ज्याचा गाल त्याचं राज्य. तक्रार आहे ती त्यांच्यातल्या काहींना आता 'वेट शेव्हिंग' नावाचा छंद लागला त्याची. जपानच्या सेकी या तलवारींच्या गावातून फेदर ब्लेड मागवायचं, दहा जातींची दोन-दोन ब्लेडं असलेलं 'सॅम्पलर' पाकीट घ्यायचं, आणि आपल्याला नवं ज्ञान झाल्यासारखं बोलायचं. फेदरला नावं ठेवण्यात अर्थ नाही, धार अप्रतिम आहे. पण अदलाबदल करून बघणं पैसे न देता होत होतं, ते आता पाकिटात बांधून विकलं जातंय, एवढं तरी कुणी कबूल करावं.

ज्याला साधं ब्लेड निवडायचंय त्याला माझं सांगणं जुनंच आहे. मिळतील तेवढ्या जातींचं एकेक छोटं पाकीट घ्या. एका जातीला निदान दोन-तीन दाढ्या द्या, कारण नव्या मुलाम्याचं ब्लेड कधी कधी पहिल्याला अडतं आणि दुसऱ्याला रुळतं. शेजाऱ्याचं मत ऐका आणि सोडून द्या, त्याचे केस तुमचे नाहीत. महाग ते चांगलं समजू नका. आणि पसंत पडलेलं ब्लेड दुकानात नाव घेऊन मागा, नसलं तर आणायला सांगा, पुढच्या आठवड्यात पुन्हा मागा. दुकानदार जे खपतं तेच ठेवतो, आणि गिऱ्हाइकाने तोंड उघडलं नाही तर खपतं काय हे वितरक ठरवतो. दहा ब्लेडं शेजारी टांगलेली असतात तोवरच पाच पात्यांच्या किमतीला काही धरबंध राहतो. ती एकदा दुकानातून गेली, की बिनपाण्याने हजामत कुणाची होणार हे वेगळं सांगायला नको.